प्रकृतीनुसार उपचार: आयुर्वेदिक दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"तुमच्या प्रकृतीला हे मानवत नाही." वैद्याकडे गेलेल्या जवळजवळ प्रत्येकानं हे वाक्य ऐकलेलं असतं. प्रकृती म्हणजे माणसाची शरीर-मनाची मूळ घडण. माणसागणिक उपचार बदलणं हा आयुर्वेदाचा गाभा आहे आणि त्याचा सर्वाधिक गैरवापरही याच जागी होतो. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या विषयावर पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं माझ्याच व्यवसायातल्या वैद्यमंडळींना आवडणार नाहीत, पण रुग्णांना ती कळायला हवीत.

प्रत्येकाला वेगळं औषध म्हणजे नेमकं काय वेगळं असतं?

आम्लपित्ताचंच बघा. तिशीतला एक मुलगा, कंपनीत रात्रपाळी करणारा. त्याला कडकडून भूक लागते, जेवण थोडं लांबलं की डोकं चढतं, घशाशी जळजळतं, शौचाला दिवसातून दोन-तीनदा आणि तेही पातळ. दुसऱ्या पन्नाशीच्या बाई. भूक लागली म्हणून नव्हे, घड्याळात एक वाजला म्हणून त्या जेवतात. दुपारच्या दोन पोळ्या संध्याकाळपर्यंत पोटात तशाच बसून राहतात, आंबट ढेकर येतात, जिभेवर पांढरा थर असतो, पोट साफ होत नाही. दोघांच्या केसपेपरवर एकच शब्द असतो, "आम्लपित्त".

मुलाचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, तीक्ष्ण आहे, बाईंचा मंद. मुलाला जेवणाच्या वेळा सांभाळणं, तूप, दूध, शतावरी, अविपत्तिकर चूर्ण अशा गोष्टी दिल्या जातात. तेच दूध-तूप बाईंना दिलं तर जडपणा आणखी वाढतो. त्यांना आधी हलकं करायचं: एखाद्या वेळचं लंघन, मुगाचं पातळ कढण, गरम पाणी, सुंठीसारखं पाचन. भूक खरी लागायला लागली की मग पुढचं औषध. औषधाबरोबर मात्रा, ते जेवणाआधी घ्यायचं की नंतर, कशाबरोबर घ्यायचं आणि किती दिवस, हे सगळंच बदलतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात म्हटलं आहे, "पुरुषं पुरुषं वीक्ष्य स ज्ञेयो भिषगुत्तमः": देश आणि काळ लक्षात घेऊन, एकेका माणसाला पाहून जो औषध योजतो तो उत्तम वैद्य. पाहायचं काय, हे त्याच संहितेतल्या विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात आहे. प्रकृती, विकृती (आजारानं किंवा परिस्थितीनं झालेला बदल), सार (शरीराच्या घटकांचा कस), संहनन (बांधा), प्रमाण (अंगाची मापं), सात्म्य (सवयीनं मानवणारं), सत्त्व (मनाचं बळ), आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय अशी ती दशविध परीक्षा. प्रकृती ही त्या दहांतली एक आहे. आज सगळा भर त्या एकीवरच दिला जातो आणि आहारशक्ती, सात्म्य, मनाचं बळ यांच्याबद्दल कुणी विचारतही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यांतलं काहीही असेल तर प्रकृती बाजूला ठेवून आधी एंडोस्कोपी करून घ्यायची. आणि छातीतली जळजळ चालताना वाढत असेल, हातात किंवा जबड्यात कळ येत असेल, घाम फुटत असेल, तर पित्त समजून घरी बसायचं नाही. लगेच हॉस्पिटल गाठायचं.

मोबाइलवर वीस प्रश्नांची चाचणी दिली, "वात-पित्त" आलं. ते बरोबर असेल का?

ढोबळ अंदाज म्हणून ठीक. शास्त्रात सात प्रकारच्या प्रकृती सांगितल्या आहेत: वात, पित्त, कफ अशा तीन एकेरी, दोन-दोन दोषांच्या तीन आणि एक सम. ती गर्भधारणेच्या वेळीच ठरते आणि आयुष्यभर मूळ रूपात राहते असं मानलं जातं. चाचणीत लोक घोटाळा करतात तो इथेच. "तुमची झोप कशी आहे?" या प्रश्नाला माणूस गेल्या महिन्यातली झोप सांगतो. बाळंतपणानंतरची कोरडी त्वचा, परीक्षेच्या काळातली उडालेली झोप, थायरॉइडमुळे वाढलेलं वजन ही विकृती झाली. प्रकृती शोधायची तर लहानपणी कसे होता, आजारी नसताना भूक कशी असते, थंडी सोसते की ऊन, हे विचारावं लागतं. कधीकधी रुग्णाच्या आईलाच विचारावं लागतं.

माझी पित्तप्रकृती आहे. आंबट-तिखट कायमचं सोडायचं का?

नाही. सात्म्य नावाची गोष्ट आहे. कोल्हापुरात तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला आणि कोकणात सकाळी पेज जेवणाऱ्याला एकच पथ्याचा कागद देता येत नाही. त्रास होत असेल तेव्हा कमी करा, ऑक्टोबरच्या उन्हात जास्त जपा. धडधाकट माणसानं प्रकृतीच्या भीतीनं ताटातले दहा पदार्थ वगळले तर त्याचं पोषणच कमी होतं.

नाडी बघून सगळं कळतं म्हणतात. खरं का?

सगळं कळत नाही. चरक आणि सुश्रुत या संहितांत नाडीपरीक्षेचा विस्तार सापडत नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती ठळकपणे येते ती मध्ययुगातल्या शार्ङ्गधरसंहितेत. पुढे योगरत्नाकरात नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् (डोळे) आणि आकृती अशी अष्टविध परीक्षा सांगितली आहे. तिथेही नाडी आठांतली एकच. एकाच माणसाची नाडी वेगवेगळ्या वैद्यांना बघायला दिली तर त्यांच्या निदानात फारसं एकमत होत नाही, हेही अभ्यासांत दिसलं आहे.

जो वैद्य मनगटाला दोन बोटं लावून, एकही प्रश्न न विचारता, "तुमच्या किडनीत दोष आहे" म्हणतो त्याच्याकडून उठून यावं. किडनी कशी चालते ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून आणि लघवीच्या तपासणीवरून कळतं. ती तपासणी साधी आहे आणि गावोगावी होते.

सात दिवसांचं पंचकर्म पॅकेज घेऊ का?

पॅकेज हा शब्दच या उपचाराच्या मुळावर येतो. पंचकर्म म्हणजे शरीरशुद्धीचे पाच उपचार. त्यातल्या विरेचनाचं, म्हणजे औषधानं जुलाब करवण्याचं, उदाहरण जरा सविस्तर सांगते, म्हणजे का ते लक्षात येईल.

विरेचनाआधी काही दिवस औषधी तूप प्यायला देतात. त्याला स्नेहपान म्हणतात. पहिल्या दिवशी सकाळी थोडंसंच तूप देऊन ते किती वेळात पचतं ते बघायचं. खरी भूक कधी लागली, तहान लागली का, मळमळलं का, डोकं जड झालं का, हे रुग्णाला विचारून लिहून ठेवायचं. त्यावरून दुसऱ्या दिवशीची मात्रा ठरते. रोज थोडी वाढवत जायचं ते शरीर पुरेसं स्निग्ध झाल्याची लक्षणं दिसेपर्यंत: त्वचेला तुकतुकी येते, शौच मऊ आणि स्निग्ध होते, तुपाच्या वासानंसुद्धा नको नको होतं. मृदू कोठ्याच्या माणसात हे तीन दिवसांत होतं, क्रूर कोठ्याच्या माणसाला सात दिवसही लागतात. एखाद्याला दुधानंच पोट साफ होतं आणि एखाद्याला एरंडेल पिऊनही काही होत नाही, हे आपण घरातही बघतोच.

मग मसाज आणि वाफ, आणि त्यानंतर विरेचनाचं औषध. जुलाबाचे किती वेग झाले ते मोजायचे. दहाच्या आसपास झाले तर शुद्धी कमी, वीस तर मध्यम, तीस तर उत्तम, अशी शास्त्रातली ढोबळ मोजणी आहे. त्या हिशेबानं पुढचं संसर्जन, म्हणजे पायरीपायरीनं जेवणावर येणं: आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचं बिनफोडणीचं कढण, मग फोडणीचं, मग हळूहळू नेहमीचं जेवण. कमी शुद्धी झाली तर हे तीन दिवसांत संपतं, जास्त झाली तर सात दिवस पाळावं लागतं.

आता यातली कोणती पायरी आधीच तारीख टाकून विकता येईल? शुक्रवारी आलेल्या दहा जणांना सारखंच तूप पाजून गुरुवारी विरेचन देणाऱ्या ठिकाणी माणसागणिक काहीच बदललेलं नसतं. काळाचाही विचार आहे: वमन (उलटी करवणं) वसंतात, बस्ती (औषधी एनिमा) पावसाळ्यात, विरेचन शरदात, अशी निरोग्यांसाठीची परंपरा. गरोदर बाई, अशक्त वृद्ध, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेला माणूस, इन्सुलिनवर असलेला रुग्ण यांना जुलाब-उलट्यांचे उपचार धोक्याचे ठरू शकतात. पाणी आणि क्षार कमी होऊन त्यांची तब्येत झपाट्यानं बिघडते. नुसतं अंगाला तेल लावून मसाज आणि वाफ घ्यायची असेल तर जरूर घ्या, बरं वाटतं. ते पंचकर्म नव्हे, एवढं माहीत असू द्या.

शेजारच्या काकूंना सूतशेखरनं आराम पडला. मी घेतलं तर चालेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो. सूतशेखर महाराष्ट्रातल्या घराघरांत पित्तासाठी ठेवलेलं असतं. त्यात शुद्ध केलेला पारा आणि गंधक असतात, शिवाय वत्सनाभ आणि धोत्र्याचं बी ही विषारी द्रव्यं. योग्य माणसाला, योग्य मात्रेत, थोडे दिवस द्यायचं ते औषध आहे. वर्षानुवर्षं, डोकं दुखलं की दोन गोळ्या, असं घ्यायचं ते नाही. औषधांच्या कायद्यातल्या ई-१ परिशिष्टात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे. ती द्रव्यं असलेल्या, पोटात घ्यायच्या औषधांच्या डबीवर, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. डबी हातात घेऊन ती ओळ शोधा.

"झाडपाल्याचं आहे, नुकसान नाही" हेही पूर्ण खरं नाही. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच जपायला हवं. अश्वगंधा थायरॉइडच्या पातळीवर परिणाम करू शकते, आणि गरोदरपणात ती टाळावी. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. वाद काहीही असो, रुग्णाच्या हातात वेल कोणती आली आणि त्याचं यकृत कसं आहे, हे कुणी न बघताच तो काढा घेतला जात होता. माणूस बघून औषध देण्याची परंपरा सांगणाऱ्यांनी तेव्हा हे मोठ्यानं बोलायला हवं होतं.

याला शास्त्रीय पुरावा आहे का?

थोडा आहे, आणि आहे त्याहून जास्त सांगितला जातो.

प्रकृती आणि जनुकं यांचा संबंध शोधण्याचं काम पुण्यात झालं. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एचएलए या, रोगप्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांच्या संदर्भात प्रकृतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकसंशोधन संस्थेत याच दिशेनं काम झालं. त्याला आयुर्जिनोमिक्स हे नाव पडलं. २०१५ मध्ये २६२ निरोगी पुरुषांच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात पित्तप्रकृतीशी पीजीएम-१ या जनुकाचा संबंध दिसला. ही कामं मला मोलाची वाटतात. पण प्रकृतीच्या गटांत काही जैविक फरक असू शकतात, एवढंच ती सांगतात. त्या फरकानुसार दिलेलं औषध जास्त लागू पडतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर या अभ्यासांत नाही.

तो दुसरा प्रश्न तपासता येत नाही असं आमच्यातले बरेचजण म्हणतात: "प्रत्येकाला वेगळं औषध, मग चाचणी कशी घेणार?" घेता येते. कोइंबतूरला संधिवाताच्या ४३ रुग्णांवर झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं आधुनिक औषध, एकाला आयुर्वेदिक औषधं, एकाला दोन्ही. वैद्यांना प्रत्येक रुग्ण बघून औषध ठरवायची आणि बदलायची मोकळीक होती, मात्र कुणाला खरं मिळतंय आणि कुणाला तसंच दिसणारं बिनऔषधाचं, हे रुग्णाला आणि वैद्याला माहीत नव्हतं. ३६ आठवड्यांनी तिन्ही गटांत साधारण सारखीच सुधारणा दिसली. संख्या लहान होती, म्हणून त्यावरून ठाम बोलता येत नाही. जर्मनीत गुडघ्याच्या झिजेच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०१८) माणसागणिक ठरवलेल्या आयुर्वेदिक उपचारांचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला. तिथे मात्र कोणता उपचार मिळतोय हे रुग्णांना कळत होतं, आणि वेदनेच्या बाबतीत अपेक्षेचा परिणाम मोठा असतो.

मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात, आणि त्या आम्हीच मागायला हव्यात.

होमिओपॅथीतही प्रत्येकाला वेगळं औषध असतं. मग दोन्ही सारखंच ना?

विचारपूस सारखी, औषध अगदी वेगळं. जर्मन डॉक्टर हानेमान यांनी १७९६ मध्ये मांडलेल्या, सारख्यानं सारखं बरं होतं, या तत्त्वावर होमिओपॅथी उभी आहे. तिथला तासभराचा इतिहास, स्वप्नांपासून घामापर्यंतचे प्रश्न, रुग्णाला फार जवळचे वाटतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, कोणत्याही आजारात होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

इंग्लंडमधला २०११ सालचा एक अभ्यास मला या सगळ्या विषयात फार महत्त्वाचा वाटतो. संधिवाताच्या ८३ रुग्णांत होमिओपॅथीची विचारपूस आणि होमिओपॅथीचं औषध यांचा परिणाम वेगवेगळा तपासला. फायदा दिसला तो विचारपुशीचा, औषधाचा नाही. म्हणजे कुणीतरी आपलं नीट ऐकून घेतलं यानंच दुखणं हलकं झालं. हे आम्हा वैद्यांनाही लागू आहे. आपल्या औषधाला आलेला गुण कितपत औषधाचा आणि कितपत ऐकून घेण्याचा, हा प्रश्न प्रत्येक चिकित्सकानं स्वतःला विचारलाच पाहिजे. आणि सरकारी दवाखान्यात ओपीडीच्या रांगेत डॉक्टरांना एका रुग्णामागे जेमतेम काही मिनिटं मिळतात, त्यात रुग्णाचं केवढं नुकसान होतं, तेही यातून कळतं.

ॲलोपॅथीत सगळ्यांना एकच गोळी देतात ना?

आता तसं म्हणणं बरोबर नाही. लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट शोधले आणि पुढे रक्त माणूस बघूनच दिलं जाऊ लागलं. हिवतापात प्रायमाक्विन देण्याआधी जी-६-पीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम तपासावं लागतं, कारण ज्यांच्यात ते कमी असतं त्यांच्या लाल पेशी फुटतात. स्तनाच्या कर्करोगात गाठीचा प्रकार तपासून औषध ठरतं.

माझी साखर प्रकृतीनुसार पथ्य केल्यावर खाली आली. गोळ्या बंद करू का?

स्वतःहून नाही. पथ्य, चालणं आणि वजन उतरणं यांनी टाइप २ मधुमेहात साखर खरोखर कमी होते आणि गोळ्या कमी कराव्या लागतात, पण ते एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) बघून, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी करायचं. टाइप १ च्या रुग्णाचं, विशेषतः मुलांचं इन्सुलिन एक दिवसही थांबवायचं नाही. ते थांबलं की रक्तात आम्ल साठून मूल बेशुद्ध होतं आणि जीव जाऊ शकतो. "मुलाची कफप्रकृती आहे, इन्सुलिनची गरज नाही" असं सांगणारा माणूस वैद्य असो वा आणखी कुणी, त्याचं ऐकू नका. फिट्स, टीबी, कर्करोग, हृदयाची औषधं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या यांनाही हेच लागू.

आम्ही अमेरिकेत असतो. पुण्याहून औषधं मागवतो. काही काळजी?

औषध कोणत्या परवान्याखाली, कुणी बनवलं, हे बघून घ्या. सुटी पुडी, नाव नसलेली गोळी नको. बॉस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं. हा अभ्यास २००४ चा. भस्म असलेलं काही घेत असाल तर तिथल्या डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं मोजून घ्या, लहान मुलांचं तर नक्कीच. व्हिडिओ कॉलवर पथ्याचं बोलता येतं, पण पोट दाबून बघता येत नाही. भारतात याल तेव्हा एकदा प्रत्यक्ष भेटा.

वैद्य जाणकार आहेत हे कसं ओळखावं?

बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी, तिचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. महाराष्ट्रात नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते, तो क्रमांक विचारायला संकोच नको. मधुमेह किंवा कर्करोग हमखास बरा करतो, उंची वाढवतो, अशा जाहिराती १९५४ च्या कायद्यानं बंद आहेत. तशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून न देणारा वैद्यही नको. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर त्यांना काय सांगणार? आणि दुसऱ्या भेटीत मागचं औषध कसं लागू पडलं हे न विचारता तीच पुडी पुढे करत असतील, तर तुमच्यासाठी वेगळं असं काही चाललेलं नाही.

पहिल्या भेटीला येताना काय करावं?

चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, अगदी काकूंनी दिलेली पुडीसुद्धा. जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमानं लावा. त्या दिवशी सकाळी जीभ घासू नका आणि रंगीत काही खाऊ-पिऊ नका, नाहीतर जिभेवरचा थर दिसत नाही. मागच्या तीन-चार दिवसांत काय, किती वाजता खाल्लं, पोट कधी साफ झालं, झोप किती लागली, हे एका कागदावर लिहिलंत तर निम्मं काम होतं. पाळी चुकली असेल किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.